मेल्चोरच्या वाट्याचा ग्लास

३ फेब्रुवारी, रविवार. सकाळचे सहा.

ठरलं. सिनेमा काढायचा.

बावीस वर्षं तायाबासच्या थिएटरात प्रोजेक्टर चालवला. थिएटर बंद पडलं, आता तिथे जुने कपडे विकतात. पण भिंतीतल्या त्या चौकोनी भोकातून मी जेवढे सिनेमे पाहिले तेवढे शिकलेल्या लोकांनीही पाहिले नसतील. बरेचसे आवाजाविना, कारण मशीनच्या खडखडाटात आवाज ऐकूच यायचा नाही. म्हणून माझा डोळा तयार झालाय.

जवळच्या लुसेना शहरात छोट्या सिनेमांचा महोत्सव आहे. माझ्या लेकीने, निंगने, कागद आणून वाचून दाखवला. घरगुती, जिव्हाळ्याचे, थोड्या माणसांचे सिनेमे हवेत म्हणे. एप्रिलअखेर मुदत.

जिव्हाळा म्हणजे आमची बैठक. चार माणसं, एक टेबल, लांबानोगची, म्हणजे माडाच्या दारूची, एक बाटली आणि सगळ्यांत मिळून एकच ग्लास. ग्लास फिरतो. ज्याच्या हातात ग्लास त्याने बोलायचं, बाकीच्यांनी चखणा खात ऐकायचं. ग्लास रिकामा झाला की शॉट संपला. एक ग्लास, एक कॅमेरा. हे आजवर कोणाला सुचलं कसं नाही?

संकल्प: सिनेमा पुरा होईपर्यंत एक थेंब नाही. दिग्दर्शक शुद्धीत हवा. तसंही डिसेंबरात डॉक्टरने मला आणि मेल्चोरला एकाच बाकावर बसवून एकच गोष्ट सांगितली होती. दोघांचंही लिव्हर. मेल्चोर घाबरट, त्याने त्याच दिवशी बंद केली. मी विचारपूर्वक कमी केली.

५ फेब्रुवारी, मंगळवार.

इसिंगला सांगितलं. ती मासे साफ करत होती. मान वर न करता विचारलं, ‘सिनेमा कसला?’ म्हटलं, मैत्रीचा. ‘आणि ही मैत्री कुठे बसते?’ म्हटलं, टेबलाभोवती. ‘टेबलावर काय असतं?’ म्हटलं, ते गौण आहे.

तेव्हा तिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, ‘क्लेतो, पंचेचाळीस वर्षं तुझी बायको आहे. तू चर्चमधून आलास तरी मी आधी तुझ्या तोंडाचा वास घेते.’

कलावंतांना घरातून पाठिंबा क्वचितच मिळतो.

निंगने मात्र स्वतःचा जुना फोन दिला. पोरगी हायस्कुलात विज्ञान शिकवते, चाळीस वर्षांची झाली, तिला कळतं. सिनेमा जोडून द्यायचं कामही तीच करणार आहे. फोनसाठी मी बांबूचा स्टँड केला. फार सुरेख झालाय, जरासा डावीकडे कलतो एवढंच. निंग म्हणाली, ‘ताताय, तुम्ही कॅमेऱ्यामागे राहायचं. टेबलाशी नाही.’

म्हटलं, बाप कोण आणि लेक कोण?

९ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ.

पहिलं शूटिंग. दुपारी चारला, आमच्या फणसाखाली. दोमेंग आणि पिद्योंग आले. दोमेंग माडावर चढून रस काढतो, म्हणजे लांबानोगचा उगमच तो. पिद्योंग गावचा रखवालदार, रखवाली सोडून बाकी सगळं करतो.

माझी युक्ती अशी होती: लांबानोग दिसते पाण्यासारखी, तर बाटलीत पाणीच भरावं. कॅमेऱ्याला काय कळतंय? सगळ्यांची तब्येत सांभाळली जाईल.

पूर्ण फसलं. दोमेंग पहिला घोट घेऊन माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याच्या आईची टिंगल केली होती. मग दोघं सरकारी दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तसे बसले. पिद्योंगने दारू चढल्याचा अभिनय केला. खुर्चीवरून पडला, गायीसारखा हंबरला. मी कट म्हटल्यावरही हंबरत होता.

दोमेंग उठताना म्हणाला, ‘क्लेतो, पुढच्या वेळी पाण्याला बोलावशील तर आंघोळीला बोलाव.’

धडा: खोट्या ग्लासातून खरं बोलणं निघत नाही. पुढच्या शनिवारी खरी बाटली. मी अर्थातच घेणार नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार.

मेल्चोरशिवाय सिनेमा होणार नाही. आज हे मला अंगण झाडता झाडता लख्ख दिसलं.

मेल्चोर सुतार. निंगचा धर्मबाप, म्हणून चाळीस वर्षं आम्ही एकमेकांना ‘पारे’ म्हणतो. तो दोन तासांत एक वाक्य बोलतो. पण त्या एका वाक्यासाठी आम्ही उरलेले दोन तास बडबडत असायचो. ते वाक्य आलं की बैठक संपायची, कोणी सांगावं लागायचं नाही. डिसेंबरपासून तो येत नाही आणि बैठकीला शेवटच उरलेला नाही. आम्ही नुसते थकून उठतो.

त्याच्याकडे गेलो. दारात बेलेन, त्याची बायको, मला थोरल्या भावासारखं ‘कुया’ म्हणते. सिनेमाचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘कुया क्लेतो, तो तुमचं ऐकतो. माझं ऐकत असता तर मी तुम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं. मला फक्त एक सांगा, त्याच्यापुढे कोणी ग्लास धरणार नाही ना?’

मी त्यांच्या देव्हाऱ्यातल्या बाळ येशूच्या पायावर हात ठेवला. म्हटलं, बेलेन, माझ्या हातून त्याच्या तोंडाला ग्लास लागणार नाही. ती रडकुंडीलाच आली. मलाही भरून आलं. असे प्रसंग आयुष्यात थोडे येतात. फोन न्यायला हवा होता.

मेल्चोर रंधा मारत होता. म्हणाला, ‘बसतो. घेणार नाही.’ झालं, त्याचं आजचं वाक्य संपलं.

१६ फेब्रुवारी, शनिवार.

अडचण आली, पण मी मात केली.

तिघं बसले, मी कॅमेऱ्यामागे. दोमेंगने पहिला थेंब जमिनीवर सांडला, जे दिसत नाहीत त्यांच्या वाट्याचा. मग ग्लास निघाला: पिद्योंग, दोमेंग, आणि मेल्चोरपाशी येऊन अडला. आता करायचं काय? ग्लास माणसाला ओलांडून पुढे जात नाही. गेला तर त्या माणसाला उठवल्यासारखं होतं. भरलेला परत बाटलीत ओतता येत नाही. दोमेंग तो हातात धरून बसला आणि त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, ‘मी भरलेला ग्लास आजवर परत घेतलेला नाही.’ मेल्चोर उठायला लागला. सिनेमा माझ्या डोळ्यांदेखत मोडत होता.

तेव्हा मला आठवलं, की आपल्यात झेलण्याची रीत आहेच की! एखाद्याला जमत नसेल तर त्याचा ग्लास जिवलग माणसाने झेलायचा. मान राहतो, फेरी मोडत नाही. मी कॅमेऱ्यामागून पुढे आलो आणि मेल्चोरच्या वाट्याचा झेलला. टाळ्या पडल्या.

पुढच्या फेरीतही झेलला. झेलायला कोणीतरी हवंच.

महत्त्वाचं: हे पिणं नव्हे. पिणं आपल्या नावे असतं. माझ्या नावे आज शून्य. संकल्प अबाधित.

१७ फेब्रुवारी, रविवार. दुपार.

डोकं जड. ऊन फार.

इसिंगने विचारलं, काल किती? म्हटलं, एकही नाही. तिने वास घेतला. म्हटलं, तो मेल्चोरचा आहे. ‘मेल्चोरचा वास तुझ्या तोंडाला?’ सगळं समजावून सांगितलं. ऐकलं तिने. मग म्हणाली, ‘मग आता मेल्चोरच्या वाट्याचा भातही तूच खा. माझ्याकडे क्लेतोच्या वाट्याचा नाही.’ आणि मागच्या अंगणात निघून गेली.

मित्राचं लिव्हर स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस या घरात कोणाला दिसत नाही.

२३ फेब्रुवारी, शनिवार.

आज एक शोध लागला. ओतणारा, ज्याला आपण तांगेरो म्हणतो, तोच बैठकीचा दिग्दर्शक. कोणाला किती, कोणाला केव्हा, कोण जास्त बोलतोय, कोणाला अजून कंठ फुटलेला नाही, सगळं तोच बघतो. मग मी दिग्दर्शक असून ओततो दोमेंग, हे कसं? बाटली मी हातात घेतली.

तांगेरोला नियमाने स्वतःचाही ग्लास घ्यावा लागतो. नाहीतर लोकांना संशय येतो की बाटलीत काहीतरी आहे. तेव्हा फेरीला एक पदाच्या नावे आणि एक मेल्चोरच्या नावे. स्वतःच्या नावे आजही शून्य.

दोमेंग आज छान बोलला, माडांमध्ये बांधलेल्या बांबूवरून चालताना खाली बघायचं सोडून किती वर्षं झाली त्याबद्दल. निदान छान बोलला असं पिद्योंग म्हणतो. मी तेव्हा ओतण्यात गुंतलो होतो.

मेल्चोर माझ्याकडेच बघत होता सारखा. त्याला मी सांगून ठेवलंय की कॅमेऱ्याकडे बघ.

२५ फेब्रुवारी, सोमवार.

निंगने झालेलं शूटिंग पाहिलं. म्हणाली, ‘ताताय, प्रत्येक फ्रेममध्ये तुमचाच हात आहे.’

दिग्दर्शकाचा हात दिसतो म्हणतात तो हाच. एरवी ती फारसं कौतुक करत नाही.

६ मार्च, बुधवार. राखेचा बुधवार.

चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेतली. परतताना इसिंग म्हणाली, ‘चाळीस दिवस. ईस्टरपर्यंत. एवढंच मागते, पुढे मी विचारणार नाही.’ तिच्या कपाळावरची राख घामाने नाकापर्यंत ओघळली होती. ‘हो’ म्हटलं, अगदी मनापासून म्हटलं.

बाटली दोमेंगकडे पाठवून दिली. उपवासाच्या काळात माणूस कसा हलका हलका होतो! डावी बरगडी की उजवी कोण जाणे, तिथे जे टोचत होतं तेही आज कमी आहे.

८ मार्च, शुक्रवार.

विचार केला. उपवासात खाणंपिणं वर्ज्य असतं, काम वर्ज्य नसतं. सुतार रंधा मारतोच, शिंपी शिवतोच. आणि एप्रिल काही आपल्यासाठी थांबणार नाही.

इसिंगला उगाच सांगून तिच्या प्रार्थनेत खंड पाडायचा नाही.

९ मार्च, शनिवार.

शूटिंग. दोमेंगच्या अंगणात हलवलं, तिथे उजेड चांगला असतो. आमच्या घरापासून लांबही आहे, पण कारण उजेडाचंच.

पाच वाजता सगळं सोन्यासारखं झालं. मेल्चोर एकदम म्हणाला, ‘पारे, तुझे डोळे पिवळे झालेत.’

म्हटलं, याला सोनेरी उजेड म्हणतात. सिनेमावाले याच्यासाठी दिवसभर थांबतात.

तो म्हणाला, ‘उजेड माझ्यावरही पडतोय.’

दोमेंग आणि पिद्योंगने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं हेच ते वाक्य, बैठक संपली. पण वाक्यात काही खोली नव्हती, म्हणून मी पुढची फेरी ओतली.

१७ मार्च, रविवार. दुपारचे बारा. अंथरुणातून.

काल घडलं! जे घडावं म्हणून हा सगळा खटाटोप, ते काल घडलं. आठवतंय तोवर लिहून ठेवतो.

तिसरी फेरी होती, किंवा पाचवी असेल. मेल्चोरच्या वाट्याचा ओतला. झेलायला हात पुढे केला. मेल्चोरने माझं मनगट धरलं. सुताराचा हात, सांडशीसारखा. दुसऱ्या हाताने ग्लास उचलला आणि स्वतः घेतला. एका घोटात! साडेतीन महिन्यांनी! काहीतरी बोललाही, शेजारी गाणी चालू होती. मग डोळ्यांत पाणी. काय तो चेहरा! पिद्योंगसुद्धा हंबरायचं विसरला.

मग पुढचाही त्याने घेतला. आणि त्याच्या पुढचाही. आधीच्यापेक्षा दरवेळी जास्त चांगलं दिसत होतं. माणसाच्या आत एवढा नट दडलेला असतो आणि आपल्याला चाळीस वर्षं पत्ता नसतो.

हा शॉट म्हणजे सगळा सिनेमा. लुसेनाचे लोक उठून उभे राहतील.

बेलेनला दिलेल्या शब्दाचं: माझ्या हातून त्याच्या तोंडाला ग्लास लागणार नाही, असं मी म्हणालो होतो. लागला नाही. त्याने त्याच्या हाताने घेतला.

तरी तिला आपण होऊन सांगायला जायचं नाही. कलाकृती अपुरी असताना दाखवू नये.

२० मार्च, बुधवार.

बेलेन आली होती. बसली नाही. म्हणाली, ‘सोमवारी तो दोमेंगकडे गेला. काल पण गेला. शूटिंग नव्हतं ना, कुया?’

म्हटलं, नट कधीकधी भूमिकेतून लवकर बाहेर येत नाही.

तिने डोळे पुसले नाहीत, काही नाही. म्हणाली, ‘त्याने सोडली तेव्हा पहिले अकरा दिवस मी त्याचे हात धरून बसायचे. इतके कापायचे. तुम्हाला सांगितलं नव्हतं त्याने. तुम्हाला वाईट वाटेल म्हणाला.’

मला का वाईट वाटेल? मला कळलं नाही.

इसिंग सगळं दारामागून ऐकत होती. शनिवारच्या शूटिंगचंही तिला कळलं असावं. बेलेन गेल्यावर ती सरळ चुलीकडे वळली. बोलली असती तर उत्तर तयार होतं माझं.

२३ मार्च, शनिवार.

मेल्चोर माझ्या आधी येऊन बसला होता. ओतायच्या आधीच त्याचा हात पुढे.

त्याने सगळे आपले आपण घेतले, मला एकही झेलावा लागला नाही. म्हणजे माझं प्रमाण सरळ अर्ध्यावर आलं. आठवडाभरात एवढा फरक कुठल्या औषधाने पडत नाही.

मेल्चोरचे हात कापत होते. रात्रीच्या जेवणाला जायचं म्हणून मी लवकर आवरलं.

घरी आल्यावर उगाच वाटत राहिलं की आज आवरायला नको होतं. किंवा आधीच आवरायला हवं होतं. दोन्हींपैकी काहीतरी.

३० मार्च, शनिवार. दुपारचे तीन.

मेल्चोर लुसेनाच्या हॉस्पिटलात आहे. पहाटे रक्ताची उलटी झाली. पिद्योंगने साइडकारवाली ट्रायसिकल काढली. अर्ध्या वाटेवर बेलेनचा एक जोडा पडला, तो उचलायला थांबले नाहीत.

कारणं बरीच असू शकतात. ऊन यंदा भयंकर आहे. बेलेन सुक्या माशात मीठ फार घालते. सुताराच्या पोटात जन्मभर भुसा जातो, त्याचाही परिणाम होत असेल.

आजचं शूटिंग रद्द.

१ एप्रिल, सोमवार.

हॉस्पिटलात गेलो. संत्री नेली. वॉर्डाच्या दारात बेलेन उभी. मला वाटलं ओरडेल. घरून निघाल्यापासून मी त्याचीच तयारी करत होतो, काय बोलायचं, कसं बोलायचं.

ती म्हणाली, ‘कुया, आत्ता झोप लागलीय त्याला. तुम्ही घरी जा. एवढ्या उन्हात आलात, दमला असाल.’

संत्री घेतली, पुन्हा आभार मानले.

तयारी केलेलं सगळं तसंच घेऊन जीपनीत बसलो. शेजारच्या बाईने विचारलं बरं वाटत नाही का. म्हटलं, उजेड डोळ्यांवर येतोय.

७ एप्रिल, रविवार.

आठ दिवस घेतली नाही. कोणी सांगितलं म्हणून नाही, दोमेंगकडे जायला पाय उचलत नाहीत.

रात्री घाम येतो. हात कापतात. अकरा दिवस असं असतं म्हणतात.

आता हातात एकच गोष्ट आहे, सिनेमा. तो शॉट. मेल्चोरला काही झालं, म्हणजे होणार नाहीच, तरी तो शॉट राहील. सुरुवातीला त्याचं नाव टाकायचं. माणूस जातो, त्याचा चेहरा राहतो, आणि तो चेहरा मी टिपलाय. एवढं तरी मी त्याच्यासाठी केलं.

निंगला सांगितलं, उद्या बसू. ती म्हणाली, ‘ताताय, त्या दिवसाचं मी अजून उघडलेलं नाही. भीती वाटते.’ म्हटलं, वेडी आहेस.

८ एप्रिल, सोमवार.

चित्र नाही.

काळं आहे सगळं. सुरुवातीला दोन मिनिटं टेबल दिसतं, मग पिद्योंगचं कोपर येतं, स्टँड डावीकडे कलतो, फोन पालथा पडतो. पुढे तासभर काळं. नुसता आवाज.

म्हटलं, बंद कर. निंगने बंद केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझं ऐकलं नाही. म्हणाली, ‘तुम्ही बसा. मी काल रात्री ऐकलंय, आता तुम्ही ऐका.’

शेजारची गाणी. शेंगदाणे फोडल्याचा आवाज. माझा आवाज, मोठा, मला वाटतो त्यापेक्षा बराच मोठा. मग मेल्चोर. हळू, पण स्पष्ट. तो माझ्याशी बोलतच नव्हता, दोमेंगशी बोलत होता:

‘याला झेलू देऊ नका. माझ्या वाट्याचं याच्या पोटात चाललंय. मी बसलो नाही तर हा ऐकायचा नाही, आणि बसलो तर दुप्पट पितो. आण इकडे, माझा मी घेतो. क्लेतोला तेवढाच एक कमी.’

मग ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज.

मग मी ओरडतो, ‘कट! वा पारे, वा! पुन्हा! अगदी तसंच पुन्हा एकदा!’

ओतल्याचा आवाज.

थोड्या वेळाने पुन्हा, ‘पुन्हा!’

पुन्हा ओतल्याचा आवाज.

मी किती वेळा पुन्हा म्हणालो ते निंगने मोजलं नसावं. तिने फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला होता. शेवटी शेवटी दोमेंगचा आवाज येतो, ‘बस झालं क्लेतो, माणूस रडतोय.’ त्यावर मी म्हणतो, ‘रडू दे, उजेड जायच्या आत होऊन जाऊ दे.’

९ एप्रिल, मंगळवार.

स्टँड जर सरळ असता तर

१० एप्रिल, बुधवार.

काल लिहायला घेतलं होतं. पुढे सुचलं नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार. गुड फ्रायडे.

आज कोणी मोठ्याने बोलत नाही, कोणी पीत नाही, शेजारची गाणीही बंद. मी सगळ्यांसारखाच दिसतो आज.

निंग म्हणाली की तो काळा तास तसाच पाठवावा. चित्राशिवाय. तिच्या मते सिनेमा असेल तर तो तेवढाच आहे, बाकी सगळं माझ्या हाताचं शूटिंग. मी म्हटलं, लोक काय बघतील? ती म्हणाली, ‘बघायचं नाही. ऐकायचं.’ मी बावीस वर्षं आवाजाविना सिनेमे पाहिले. मला यातलं काही कळतं असं आता वाटत नाही.

म्हटलं, तो आवाज मेल्चोरचा आहे. त्याला विचारल्याशिवाय नाही. ती म्हणाली, ‘मग विचारा.’

इसिंग आज मला म्हणाली, ‘जेवून घे.’ ताट वाढलेलं होतं.

२५ एप्रिल, गुरुवार.

मेल्चोरला काल घरी सोडलं. डॉक्टर नीट काही सांगत नाही. बघू म्हणतो. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. बेलेनने इसिंगला सांगितलं आणि इसिंगने मला.

शनिवारी जाणार. माफी मागायची. कशी, ते ठरवलंय. तीन भाग आहेत. आधी चाळीस वर्षांचं, मग मनगट धरलं त्याचं, मग माझं. परवानगीचं सगळ्यात शेवटी, आणि तो नाही म्हणाला तर निंगसमोर पुसून टाकायचं. अंगणात दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. कोंबड्या पळाल्या, पण बरं जमलं.

२७ एप्रिल, शनिवार. संध्याकाळचे साडेपाच.

चारला गेलो. बेलेनने दार उघडलं. आत या म्हणाली नाही, नका येऊ असंही म्हणाली नाही. बाजूला झाली.

मेल्चोर खिडकीशी बसला होता. पोट पुढे आलंय, बाकी सगळा माणूस आत गेलाय. समोर खुर्ची होती. मी बसलो. मधलं स्टूल रिकामं.

मी ‘पारे’ म्हणालो, त्याच वेळी तोही ‘पारे’ म्हणाला. दोघं थांबलो. तू बोल, म्हटलं. तू बोल, म्हणाला. मग कोणीच बोललं नाही. ग्लास नसला की पाळी कोणाची ते समजत नाही. चाळीस वर्षांत आम्ही दोघं कोरडे असे समोरासमोर कधी बसलोच नव्हतो, हे मला तिथे बसल्यावर कळलं. हात कुठे ठेवायचे तेही कळेना. त्यालाही कळत नव्हतं, त्याने ते मांडीखाली घेतले.

बेलेनने आल्याचा गरम चहा आणून दिला, दोन वेगळ्या कपांत. पाच मिनिटांत पिऊन झाला. पुन्हा तसेच.

तीन भागांतला पहिलाच शब्द घशाशी आला होता. तेवढ्यात शेजाऱ्याचा कोंबडा आरवला. मेल्चोर म्हणाला, ‘हा हल्ली दुपारीच आरवतो.’ म्हटलं, का बरं? म्हणाला, ‘काय माहीत.’ म्हटलं, म्हातारा झाला असेल. म्हणाला, ‘नाही, वर्षाचा आहे.’

मी रिकामा कप स्टुलावर ठेवला.

पाच वाजता उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा मागून म्हणाला, ‘उद्या?’ म्हटलं, येतो.

घरी आल्यावर इसिंग जवळ आली. वास घेतला नाही. विचारलं, ‘काय बोललात?’

म्हटलं, कोंबड्याबद्दल.